झिजलेला पाच

मी एक जुना, बटणांचा मोबाईल आहे आणि माझा मुक्काम मोहाच्या झाडाच्या फांदीवर असतो. मित्रांनो, हसू नका. दाभोशाजवळच्या आमच्या पाड्यावर रेंज फक्त त्या मोहापाशी येते. म्हणून सगळ्यांचे मोबाईल पिशव्यांत घालून तिथे टांगलेले असतात. वारा सुटला की आम्ही एकमेकांवर आपटतो. माझा जीव आधीच घाबरट, त्यात हे लोंबकळणं.

माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. आठवतो तो रोहिदासचा अंगठा. वाडा तालुक्यातल्या एका डबे बनवणाऱ्या कारखान्यात तो कामाला लागला आणि पहिल्याच पगारात त्याने मला घेतलं. कारखान्याच्या कागदांवर त्याच्या नावापुढे माझाच नंबर लागला. काय थाट होता तेव्हा माझा! पाचाचं बटण दाबून धरलं की पाड्यावर शेजारच्या बायडीचा फोन वाजायचा आणि रोहिदासची बायको कमळा बोलायला धावत यायची. रोज दाबून दाबून त्या बटणावरचा आकडा पार झिजून गेला. पुढे टच मोबाईल आला आणि मी पत्र्याच्या पेटीत जाऊन पडलो. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय! त्याची काच फुटली तेव्हा माझी आठवण झाली. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

मग एके दिवशी कारखान्यालाच कुलूप लागलं. रोहिदासचा सोबती पंकज हुशार. त्याने फाटकाबाहेर बसूनच विम्याच्या योजनेतून बेकारीच्या भत्त्याचा अर्ज भरून दिला. तेव्हा मी रोहिदासच्या खिशात होतो, त्यामुळे ओटीपीसाठी काही अडलं नाही. एका महिन्याचा भत्ता आला. घरात सगळ्यांनी तो खावटीसारखा धरला. खावटी म्हणजे पोटापुरती सरकारी मदत, सरकारने दिली तेव्हा घ्यायची, पुन्हा मागायला जायचं नाही.

भातकापणी आटोपली आणि वीटभट्टीचा मुकादम पाड्यावर आला. उचल घ्या, बिऱ्हाड घेऊन चला, उद्या गाडी येते, म्हणाला. बिऱ्हाड म्हणजे मुलगी प्रगतीसुद्धा. तिची शाळा सुटणार होती. आईने दप्तर उचलून खुंटीला अडकवलं, तेवढ्यावरून ते तिला कळलं.

त्याच संध्याकाळी मोहाखाली पंकजचा फोन आला.

"अरे, तो भत्ता म्हंजे खावटी हाये का? तुझ्या पगारातून कापत होते, त्याचं हाये ते. तुझे अजून महिने बाकी हायेत. योजना बंद होणार होती, तिची मुदत वाढली. जव्हारला सेवा केंद्रात जा, परत अर्ज टाक."

रोहिदास घुटमळला. "आणि नाय मिळालं तर? गाडी पण गेली, उचल पण गेली."

"तू जा, प्रगतीच्या बा," कमळा म्हणाली. "मुकादमाला मी बघते."

सकाळी त्याने सगळे कागद फडक्यात बांधले आणि जीप पकडली. मी मात्र फांदीवरच! रेंज तिथे येते, म्हणून मोबाईलही तिथेच राहायचा, हा पाड्याचा रिवाज. अरे बाबा, जव्हारला रेंज रस्त्यावर सांडलेली असते! पण मी ओरडणार कसा?

उन्हं चढली आणि माझ्या पोटात आकडे येऊन पडले. ओटीपी. मी टिणटिण केलं. झाडाखाली चिटपाखरू नव्हतं. ते आकडे शिळे झाले. दुसरे आले, तेही शिळे झाले. खाली पाड्यात गाडीचा भोंगा वाजला. मी पिशवीत नुसता तळमळत होतो.

मग मी खणखणून वाजलो. मुकादमाला चहावर बसवून कमळा धापा टाकत वर आली.

"कमळे, मी केंद्रातनं बोलतो. मोबाईल इसरलो गं! आता मेसेज येईल. मधलं बटण दाब, आकडे दिसतील, ते सांग."

"मला कुठं वाचता येतं?"

पलीकडे रोहिदास केंद्रातल्या मुलीकडे आणखी वेळ मागू लागला.

"आकड्यांची चित्रं मोबाईलच्या बटणांवर पण हायेत," कमळाच म्हणाली. "कुठलं बटण ते सांगितलं तर?"

मेसेज आला. तिने तो उघडला आणि काडीने मातीत एकेक आकडा जसाच्या तसा काढला. पुन्हा फोन लागला. ती मातीकडे बघे, माझ्याकडे बघे आणि सांगे, "वरची ओळ, शेवटचं. मग सगळ्यात खालचं, मधलं." केंद्रातल्या मुलीचं "लवकर, लवकर" मला ऐकू येत होतं.

एका आकड्यावर कमळा अडली. माझ्या सगळ्या बटणांवरून तिची नजर पुन्हा पुन्हा फिरली. भोंगा परत वाजला.

"हे चित्र तर कुठल्याच बटणावर नाय!" ती रडवेली झाली.

आणि पलीकडून रोहिदास ओरडला, "झिजलेलं! कमळे, ते झिजलेलं, तुला फोन लावायचो ते! पाच!"

अर्ज गेला. कमळा पाड्यात उतरली आणि मुकादमाला म्हणाली, "आम्ही येत नाय." गाडी आमच्याशिवाय गेली. खुंटीवरचं दप्तर काढून प्रगती शाळेत गेली.

मित्रांनो, भत्ता अजून यायचा आहे. मेसेजच्या वाटेकडे डोळे लावून मी टांगलेला आहे आणि पान हललं तरी दचकतो. पण कमळा आता रोज वर येते. माझ्या बटणांवरचे आकडे प्रगतीकडून शिकून घेते. झिजलेल्या बटणावर तिने चुन्याने पाच काढला आहे. तो पुसला की पुन्हा काढते.

जुनी वस्तू झिजली म्हणून टाकू नका. ती कुणासाठी झिजली, ते आधी आठवा. आणि हक्काचं मागायला निघालात की कृपा करून आम्हाला झाडावर विसरून जाऊ नका.