राहिलेला कोपरा

भरतीचं पाणी आता आमच्या परसदारापर्यंत येतं, म्हणून मी आणि माझी धाकटी नणंद खाडीकाठच्या चिखलात गवत लावतो. गवत टिकलं तर काठ टिकेल, काठ टिकला तर घर. यंदा तिसऱ्यांदा लावलेली रोपंही पिवळी पडली.

"मीठ वाढलं असेल," म्हणत नणंद निघून गेली. तिला दुसरं काही सुचतच नाही. मी चिखलात नळी खुपसून मुळांपाशी मुरलेलं पाणी बाटलीत ओढलं, त्यातला खारेपणा मोजला. मीठ बेताचंच होतं. मग बाटली नाकाशी नेली. सडक्या अंड्यांचा वास!

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. हे गवत पानांतून घेतलेली हवा मुळांवाटे चिखलात सोडतं, म्हणून तिथे हा सडक्या वासाचा विषारी वायू साचत नाही. आणि आम्ही दोघी शहाण्या! दर वेळी नवं लावण्याआधी जुनं मरतुकडं गवत मुळासकट उपटत होतो.

एकच आशा उरली होती. बांधाच्या टोकाचा कोपरा नणंदेने कंटाळा करून न उपटता तसाच सोडला होता. त्यावरून सकाळीच मी तिला फैलावर घेतलं होतं. तिथली जुनी मुळं जिवंत होती. नवी रोपं त्यांच्यातच खोचली तर जगतील. मी चिखलात धडपडत तिकडे धावले.

नणंद कमरेवर हात ठेवून उभी होती. पायाशी उपटलेल्या गवताचा ढीग होता, मुळांना चिखल अजून ओला.

"बघ वहिनी," ती म्हणाली, "आता म्हणशील का मला कामचुकार?"