पुठ्ठ्याआडचं गणित

बालवर्गाच्या खोलीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. आईबाप पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. समोरच्या मोठ्या पडद्यावर एक निळा हत्ती नाचत होता. सात अधिक पाच असं गणित आलं, त्याखाली एकेक उत्तर लिहिलेले चार चौकोन. पाच वर्षांच्या पोराने चौकोनांवरून बोट फिरवलं आणि बारावर टेकवलं. हत्तीने सोंडेतून तारे उडवले. पुढचं पोर, पुढचं गणित, पुन्हा तारे. एका आजीने डोळे पुसले.

"ही शिकवणी नाही," हा खेळ घेऊन आलेले आणि आठवडाभर पोरांकडून तो करून घेणारे सर म्हणाले. त्यांना सगळे हत्तीवाले सरच म्हणायचे. "प्रत्येक मेंदूत एक कळी असते. आपला हत्ती नाचला की त्या लहरींनी ती उमलते. मग गणित करावं लागत नाही, ते आपसूक येतं. इथे पुढे आवाज नीट येतोय ना?"

हा शेवटचा प्रश्न ते दर दहा मिनिटांनी विचारायचे.

मी त्या वर्गाची बाई. बावीस वर्षं मणी आणि बुचं मोजायला शिकवत आलेली. टाळ्या वाजल्या तेव्हा मला ना राग आला ना आनंद झाला. गेली काही वर्षं माझं असंच झालं होतं. हजेरी घ्यायची, नाकं पुसायची, घरी जायचं. हत्ती शिकवतो म्हणतोय, तर शिकवू दे बापडा.

वर्गात एकटी चिमणी चुकायची. कोपऱ्यावरच्या इस्त्रीच्या दुकानात काम करणाऱ्या बाईची ही मुलगी. बाकीची पोरं झटक्यात उत्तर द्यायची, ही गणिताकडे टक लावून बघायची, बोटं दुमडायची, बोटं संपली की अडायची, आणि दहातली चार-पाच कशीबशी बरोबर यायची. दोन महिन्यांनी सरांनी मुख्याध्यापकांना लेखी दिलं, की हिची कळी उमलणारी नाही, हिला खालच्या शिशुवर्गात बसवा. पुढच्या महिन्यापासून तिला खाली पाठवायचं ठरलं. कागदावर मीही सही केली. पालथ्या घड्यावर पाणी, असं मीच तिच्याबद्दल वर्षभर म्हणत होते. हाक मारली तरी पोरगी ढुंकून बघायची नाही.

तिची आई मधल्या सुट्टीत आली. मनगटावर इस्त्रीचा ताजा चटका होता. ती भांडली नाही.

"बाई, दुकानात ती शर्टांची बटणं मोजते," म्हणाली. "एकाची सात, दोघांची चौदा, बरोबर सांगते. मग इथेच का चुकते?"

बघते, म्हटलं. खरं तर बघणार काहीच नव्हते.

दुसऱ्या दिवशी माझं डोकं ठणकत होतं. पोरं हत्तीपुढे होती. मी पडद्याचा आवाज बंद केला, एवढंच. आणि वर्ग अडला. पोरांची बोटं चौकोनांवरून इकडून तिकडे फिरत राहिली, कुठे टेकेचनात. नेहमी पहिला येणारा मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, हत्ती सांगत नाहीये."

चिमणीची पाळी आली. तिने बोटं दुमडली, वेळ घेतला. दहातली पाच बरोबर, रोजच्यासारखीच.

मी आवाज पुन्हा लावून पडद्याशी कान नेला. चुकीच्या चौकोनावरून बोट गेलं की 'टक्' व्हायचं, बरोबर चौकोनावर बारीकसं 'टिंग'. वर पिपाण्यांचा एवढा गोंगाट, की मागे बसलेल्या मोठ्यांना काही कळू नये.

महिनाअखेरच्या सभेला खोली पुन्हा भरली. मी उठून पडद्यावरच्या गणितावर पुठ्ठा चिकटवला. खालचे चौकोन तेवढे उघडे. नेहमी पहिला येणाऱ्या त्या मुलाने बोट फिरवलं, टेकवलं, तारे उडाले. पुन्हा केलं, पुन्हा तारे. मला वाटलं, आता तरी लोकांच्या लक्षात येईल. कसलं काय, टाळ्या पडल्या. सरांचं तर आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन, असं झालं.

"बघितलंत?" ते म्हणाले. "आता प्रश्नसुद्धा लागत नाही."

मग मी पुठ्ठा काढला आणि आवाज बंद केला. आठ अधिक तीन, सगळ्यांना वाचता येईल एवढं मोठं. मुलाचं बोट फिरत राहिलं. काय झालं रे, असं त्याच्या बापाने विचारलं.

"टिंग येत नाही," तो म्हणाला.

मी चिमणीच्या खांद्याला हात लावून तिला पुढे आणलं. तिने बोटं दुमडली, ती संपल्यावर माझं एक बोट धरलं. लोक चुळबुळत होते. तिने अकरावर बोट टेकवलं. तारे उडाले, अगदी मुक्याने.

टक् आणि टिंग मी सगळ्यांना जवळ बोलावून ऐकवलं. सर म्हणाले, ती मुलांचा हुरूप वाढवणारी खूण असते. एक आई म्हणाली, पण पोरं रमतात तरी. रमू देत, मी म्हटलं, खेळातून पोरं शिकतातच. पण काय शिकली ते बघा. दोन महिन्यांत ही पोरं टिंग ओळखायला शिकली. गणित एकटी चिमणी करत होती.

टिंग हिलाच कसं कळलं नाही, हा प्रश्न उरला होता. आठवड्याने कानाच्या डॉक्टरांनी तिला तपासलं. बारीक आवाज तिला ऐकूच येत नव्हते. माझी हाकसुद्धा वर्षभर अर्धीमुर्धीच पोचत होती. ती वर्गात राहिली, पुढच्या बाकावर. सही केलेला कागद मी मागून घेतला आणि फाडला. रडू यायला हवं होतं, आलं नाही.

म्हणून सांगते, चमत्कार दिसला की टाळी वाजवण्याआधी एकदा पुठ्ठा लावून बघा, एकदा आवाज बंद करून बघा. आणि अमकं पोर मठ्ठ आहे असं कुणी सांगितलं, तर तेही तसंच तपासा. हत्तीची परीक्षा मी एका दुपारी घेतली. चिमणीच्या कानांची वर्षभर घेतली नव्हती.