सत्तेचाळीस नंबरचा हापसा

वर्गात सगळे त्याला मिस्तरी म्हणायचे. वय एकेचाळीस, त्यातली एकोणीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात हापसे दुरुस्त करण्यात गेलेली. बाकीची मुलं तेवीस-चोवीसची. सार्वजनिक धोरण आणि शाश्वत विकास या विषयात एम.ए. करायला खात्याने त्याला दोन वर्षांची अभ्यास रजा दिली, तेव्हा डेपोतल्या सोबत्यांनी चहा पाजून निरोप दिला. "आता तू उंटावरून शेळ्या हाकणार," एक जण म्हणाला. मिस्तरीही हसला होता. बी.ए. त्याने नोकरी सांभाळून बाहेरून केलं होतं, सात वर्षांत, दोनदा आपटून. आपण दुरुस्त केलेला हापसा दर उन्हाळ्यात पुन्हा कोरडा का पडतो, एवढं एकदा नीट समजून घ्यावं म्हणून तो इथवर आला होता.

दुसऱ्या वर्षी प्रबंधाचा विषय घ्यायची वेळ आली. त्याने हापशांची दुरुस्ती आणि पाण्याची प्रत हा विषय घेतला. मार्गदर्शक मॅडम हळू आवाजात बोलणाऱ्या होत्या, पण एकही सैल वाक्य सोडायच्या नाहीत. त्यांनी खात्याकडून जुनी रजिस्टरं बघायची परवानगी मिळवून दिली.

खात्याच्या दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत दोन लोखंडी कपाटं शेजारी शेजारी उभी होती. एकात दुरुस्तीची रजिस्टरं, दुसऱ्यात प्रयोगशाळेचे अहवाल. पहिलं कपाट त्याने शेकडो वेळा उघडलं होतं. दुसऱ्याची किल्ली प्रयोगशाळेच्या कारकुनाकडे असायची आणि ती मागायचं कारण एकोणीस वर्षांत कधी पडलं नव्हतं. काखेत कळसा, असं मनाशी म्हणत त्याने दोन्हीकडचे नंबर जुळवायला घेतले. चौथ्या दिवशी दुपारी तो सत्तेचाळीस नंबरवर आला.

सत्तेचाळीस म्हणजे त्याच्या आत्याच्या गल्लीतला हापसा. आठ वर्षांपूर्वीचा अहवाल होता. फ्लोराइड मर्यादेच्या चौपट, पिण्यास अयोग्य, वापर थांबवावा. खाली सही, शिक्का, तारीख. मग त्याने दुरुस्तीचं रजिस्टर उघडलं. अहवालानंतर अकरा आठवड्यांनी नोंद होती: पाणी खाली गेले, चार पाइप वाढवले, हापसा चालू. त्याखाली त्याची स्वतःची सही होती.

तो दिवस त्याला चांगला आठवत होता. पाणी आल्यावर गल्लीतल्या बायकांनी भांडी वाजवली होती आणि आत्या येईल-जाईल त्याला सांगत होती, "हा माझा भाचा." खोलवरच्या खडकातलं, आणखी फ्लोराइडचं पाणी त्या दिवसापासून वर येऊ लागलं. पुढच्या सहा दुरुस्त्याही त्यानेच केल्या होत्या.

आत्याची पाठ धरली होती, मान वळवायची तर ती अख्खी वळायची. तिच्या मुलीचे, धाकटीचे, दात लहानपणापासून तपकिरी. बावीस वर्षांची पोर, हसताना तोंडावर हात धरायची. गुडघे आत वळलेले, भिंतीला धरून चालायची. घराण्यातच हाडं कच्ची, असं सगळे म्हणत. तोही म्हणायचा. जास्त फ्लोराइडने दात-हाडांचं हेच होतं.

मॅडमनी दोन्ही नोंदी वाचल्या.

"तुम्ही हे वगळू शकता," त्या म्हणाल्या. "नमुन्यात दोनशे बारा हापसे आहेत. एक कमी झाला तर निष्कर्ष हलत नाही."

"नाही हलत."

"मग?"

"तिथे माझी आत्या राहते."

मॅडमनी रजिस्टर मिटलं. "मग आधी तिकडे जाऊन या. प्रबंध थांबेल."

तो दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. आत्या उंबऱ्याशी बसून धान्य निवडत होती. नेहमीसारखं तिने धाकटीला हाक मारून पाणी मागवलं. धाकटी भिंतीच्या आधाराने आली, पेला ठेवला आणि आत गेली. पेल्याकडे बघत तो बराच वेळ बसला.

"पी की. एवढं काय बघतोस?"

त्याने पेला बाजूला सरकवला आणि सगळं सांगितलं. कपाटं, अहवाल, पाइप. काही लपवलं नाही, काही सजवलं नाही. आत्याचे हात मध्येच थांबले.

"तुला माहीत होतं?"

"नाही."

"कुणाला माहीत होतं?"

"कागदाला. कागद कपाटात होता."

"आणि पाइप तू वाढवलेस."

"हो, मीच."

ती पुन्हा निवडायला लागली. खडे बाजूला पडत राहिले. त्याला वाटलं, ही रडेल किंवा शिव्या देईल, आणि दोन्हींपैकी काहीतरी होऊ दे. काहीच झालं नाही.

आतून धाकटीचा आवाज आला. "पाणी बदललं तर मी बरी होईन, दादा?"

तो उठून दारात गेला. खोटं बोलणं त्या क्षणी अगदी सोपं होतं. "दात तसेच राहतील. पायांचं डॉक्टरांना दाखवू. पण जे वळलंय ते बहुतेक सरळ होणार नाही."

"म्हणजे पुढच्या पोरांचं वाचेल."

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्या संध्याकाळी त्याने हापशावर लाल रंगाची फुली मारली. गल्लीतले लोक जमले. पिण्याजोगी जुनी विहीर खालच्या रस्त्याला होती, पाऊण मैल लांब. "वीस वर्षं पितोय, मेलो नाही," शेजारचा शिंपी म्हणाला. "आधी नळ आण, मग रंग लाव." त्याचं चूक नव्हतं. तेव्हा आत्या काठी टेकत पुढे आली, तिने धाकटीचा हात धरून तिला सगळ्यांसमोर उभं केलं आणि फक्त एवढंच म्हणाली, "हिला चालून दाखवायला सांगू का?"

धुण्याभांड्याला हापसा, प्यायला विहीर, असं ठरलं. ज्यांना चालवत नाही त्यांच्या घरी पाळीने घागर पोचवायची. तीन आठवडे नीट चाललं, मग पाळ्या चुकू लागल्या. आळस माणसाचा, त्याला धोरण काय करणार. मिस्तरी दर रविवारी दोन घागरी घेऊन यायचा. आत्या दार उघडायची. धाकटी समोर यायची नाही.

प्रबंधात त्याने दुरुस्ती करणाऱ्याचं पद लिहिलं आणि तळटीपेत लिहिलं की तो माणूस म्हणजे प्रस्तुत संशोधक. मॅडमनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि राहू दिलं. आरोग्य केंद्रातल्या नर्सबरोबर त्याने गल्लीतल्या घराघरांत जाऊन तपासणी केली होती. बाधित व्यक्ती एकतीस.

कच्चा खर्डा त्याने आत्याकडे नेऊन ठेवला. पुढच्या रविवारी धाकटी चार महिन्यांनी पहिल्यांदा त्याच्यासमोर येऊन बसली. खर्डा तिच्या मांडीवर होता.

"एकतीस चूक आहे. अडतीस लिही."

"आम्ही प्रत्येक घर पाहिलं गं."

"आत्ता जे घरात होते ते पाहिलेत. सात जण गेलेत इथून. दोघे वारले, बाकीचे पोटासाठी लांब गेले. त्यांचे दात माझ्यासारखेच होते. मला नावानिशी माहीत आहेत."

"तपासणीच्या वेळी हजर असेल तोच धरायचा, असा नियम आहे."

"नियम कुणाचा?"

"अभ्यासाचा."

"मग नियम पाळ. पण खाली एक ओळ लिही, की सात जण मोजायचे राहिले."

त्याने तिथेच बसून ती ओळ लिहिली. तिने वाचली, एक शब्द बदलायला लावला. त्याने 'स्थलांतरित' लिहिलं होतं. "गेलेले, असं लिही," ती म्हणाली. "स्थलांतरित पक्षी असतात."

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकाने विचारलं, यात दोष नेमका कुणाचा? मिस्तरी म्हणाला, "कपाटं वेगळी ठेवणाऱ्यांचा. आणि न विचारता पाइप वाढवणाऱ्याचा. दुसरा माझा आहे, पहिला तुम्ही खात्याला विचारा." परीक्षकाने मान खाली घालून काहीतरी लिहून घेतलं.

पदवी मिळाली. रजा संपल्यावर तो खात्यात परतला, या वेळी नियोजन विभागात. दोन रजिस्टरांचं एक करायला वर्ष गेलं. तीन साहेबांना ते पटलं, एकाला शेवटपर्यंत पटलं नाही. आता पाण्याचा अहवाल पाहिल्याशिवाय एकही पाइप वाढवता येत नाही. विहिरीवरून गल्लीत नळ यायला मात्र दोन उन्हाळे लागले. तोवर आत्याने अंथरूण धरलं होतं. नळाचं पाणी तिला चमच्याने पाजावं लागलं. "गोड लागतंय का?" त्याने विचारलं. "पाण्यासारखं लागतंय," ती म्हणाली. त्याच महिन्याच्या शेवटी ती गेली.

धाकटी आता आरोग्य केंद्रात नोंदी ठेवते. तिथवर जायला तिला तीनचाकी मिळाली आहे. कामाचं काही असलं की दादाला फोन करते, आकडा सांगते, खात्री करून घेते. त्यापलीकडे बोलत नाही. पूर्वी ती त्याला बारीकसारीक सगळं सांगायची. तो तेवढं परत मागत नाही. फोन आला की हातातलं काम बाजूला ठेवतो आणि ती सांगेल ते नीट लिहून घेतो.