अक्काची गाडी

विमानतळाच्या दाराबाहेर, फुटपाथच्या कडेला कुठली गाडी कुठे आणि किती वेळ उभी राहील, हे शिट्टीमामा ठरवत. डावीकडे टॅक्सींची रांग, उजवीकडे हॉटेलांच्या आणि कंपन्यांच्या लांबलचक काळ्या गाड्यांची जागा. या गाड्या मागच्या तळावर थांबायच्या. प्रवासी दारात दिसला की मामा वॉकीटॉकीवर नंबर पुकारायचे, मग गाडी पुढे यायची. आली की तीन मिनिटं. चौथ्याला शिट्टी, मग आत मंत्री असो नाहीतर नवरी. यम आला तर मामा त्याच्या रेड्यालाही रांगेत लावतील, असं ड्रायव्हर म्हणत.

आज मामा बूट चमकवून आले होते. आई गेल्यावर जिनं त्यांना न्हाऊमाखू घातलं ती अक्का अकरा वर्षांनी भेटणार होती, तीही उभ्याउभ्या. तिच्या लेकानं तिच्यासाठी गाडी ठरवली होती. इथून ती परस्पर त्याच्या गावी जाणार, कायमची. मामांना रजा मिळाली नव्हती. जे बोलायचं ते या फुटपाथच्या कडेलाच. बायको गेल्यापासून त्यांचं बोलणं म्हणजे गाड्यांचे नंबर. बाकी सगळं पोटात साठून राहिलं होतं.

दार सरकलं. सामानाच्या ट्रॉलीमागे वाकलेली अक्का दिसली आणि मामांचा हात सवयीनं वॉकीटॉकीकडे गेला. तिला ताटकळत ठेवायचं नाही, एवढंच डोक्यात. गाडी वाऱ्यासारखी आली. ड्रायव्हरनं बॅगा भरल्या, दार उघडून धरलं.

अक्कानं त्यांच्या गालावरून हात फिरवला. वाळलास म्हणाली, गुडघा कसा आहे म्हणाली. मामा बरा आहे म्हणेपर्यंत मागे दोन गाड्या खोळंबल्या.

"मामा, तीन झाली," ड्रायव्हर हळूच म्हणाला. त्यांनीच लावलेली शिस्त.

अक्का आत बसली, काच खाली केली. "वेड्या, गाडी जरा उशिरा बोलवायचीस की. मी कुठे पळून जात होते?"

मामांना हे सुचलंच नव्हतं. गाडी अर्धा तास तळावर अडवून ठेवणं सबंध विमानतळावर त्यांच्या एकट्याच्या हातात होतं.

"सवय गं," ते म्हणाले. गाडी वळणाआड गेली.

तळावरून विचारणा झाली, जागा मोकळी दिसतेय, पुढची पाठवू का?

"राहू दे जरा," मामा म्हणाले, आणि त्या मोकळ्या जागेपाशी उभे राहिले.