चाळिसावी पायरी

“पायरीगणिक एक नाम घे, म्हणजे चढ जाणवत नाही,” असं मावशींची आई त्यांना सांगायची. मावशींनी ते जन्मभर पाळलं. ग्रंथालयाच्या तिसऱ्या मजल्यावर फाटक्या पुस्तकांना खळ आणि पातळ कागद लावून सांधायचं त्यांचं काम. चोपन्न पायऱ्या, चोपन्न नामं.

दोन महिन्यांपासून मात्र चाळिसाव्या पायरीशी छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं व्हायचं, जबडा अवघडायचा. पाच मिनिटं टेकलं की सगळं ओसरायचं. मावशींना वाटलं, आपलं चित्त ढळतंय, नाम नुसतं ओठांवर उरलंय. मग प्रायश्चित्त म्हणून त्या खाली उतरून पुन्हा पहिल्यापासून चढू लागल्या. बोलल्या कुणालाच नाहीत. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती. घरात विचारणारं कोण होतं?

शेवटी ग्रंथपालबाईंनीच त्यांना घामेजून जिन्यात बसलेलं पाहिलं आणि तडक दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “मावशी, देव काय तिसऱ्या मजल्यावर राहतो?” म्हणाल्या. मग शांतपणे समजावलं. हृदयाला रक्त पोचवणाऱ्या नळ्या आतून अरुंद झाल्या असाव्यात. बसल्या जागी तेवढं रक्त पुरतं. चढताना हृदयाला जास्त लागतं, ते मिळत नाही, म्हणून ते दुखतं. त्यात चित्ताचा दोष नाही. जिभेखाली ठेवायच्या गोळ्या दिल्या. गोळीनंही दुखणं थांबलं नाही तर लगेच रुग्णवाहिका बोलवायची, हे दोनदा बजावलं. गुरुवारी नळ्यांची तपासणी ठरली.

“सोबत घरचं माणूस हवं. एकटीला घेणार नाही मी.”

“आणते,” मावशी म्हणाल्या. शब्द तोंडून गेला खरा.

घरी आल्यावर तपासणीच्या कागदावर ‘नातेवाईक’ या शब्दापुढची रेघ कोरीच राहिली. मनात नाव एकच होतं, धाकट्या जाऊबाईंचं. दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या. यजमानांच्या आजारपणात मावशींनीच त्यांना दारातून परत पाठवलं होतं, “तुम्ही आलात की त्यांना त्रास होतो,” म्हणून. खरं तर यजमान त्यांचीच वाट बघत होते, आणि तेच मावशींना सलत होतं. तेव्हापासून अबोला.

बुधवारी दुपारी मावशींनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. काय बोलायचं ते काही केल्या जुळेना. तशाच उठल्या, दाराला कुलूप लावलं आणि सावकाश जाऊबाईंच्या गल्लीकडे चालू लागल्या.