दोन ठोके

मी घंटी बोलतेय. देवळातली नव्हे, शाळेतली नव्हे, सायकलवरची तर नव्हेच. शहागडहून आत वळलं की आमचं गाव लागतं, तिथल्या वाचनालयाच्या प्रश्नमंजूषेची मी घंटी. एक ठोका पडला की प्रश्न सुरू, दोन पडले की उत्तर चूक. जन्मभर मी एवढंच केलं, आणि त्याचा मला तोराही होता. गेल्या चौदा एप्रिलला तो तोरा उतरला. तेच सांगायला बसलेय.

मी मुळात तांब्या होते, चांगुणाबाईच्या लग्नातल्या आहेराचा. काठाला चीर पडली, पाणी गळू लागलं. तिचे मालक पुंजाराम जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात कामाला होते. ते मला मोडीत न घालता इनायत मिस्त्रींकडे घेऊन गेले. म्हणाले, "मिस्त्री, ह्याची घंटी करून द्या."

"तांब्याची घंटी? बनंल की, बिलकुल बनंल," इनायत मिस्त्री हसले. "पर आवाज कसा निघंल, त्याची ग्यारंटी न्हाई बगा."

त्यांनी माझं बूड कापलं, ठोकून वाटीसारखं केलं आणि लाकडी चौकटीत टांगलं. ठोका द्यायला पुंजारामांनी कारखान्यातला एक जुना बोल्ट आणला. बुडाशी एक पोचा होता, तो मात्र त्यांनी काढू दिला नाही. चांगुणाबाई नवी नवरी असताना विहिरीवर मी तिच्या हातून पडले होते, त्याचा तो पोचा.

वाचनालय सत्त्याऐंशी साली सुरू झालं, तेही पुंजारामांच्या पत्र्याच्या घरात. फळीवरचे धान्याचे डबे चांगुणाबाईने खाली उतरवले आणि तिथे एकेचाळीस पुस्तकं लागली. तीही त्याच फळीसमोर बसून अक्षरं शिकली. पुढल्या वर्षापासून बाबासाहेबांच्या जयंतीला प्रश्नमंजूषा भरू लागली.

पुंजारामांची एक रीत होती. उत्तर कितीही चुकीचं वाटलं तरी ते लगेच दोन ठोके देत नसत. आधी विचारत, "असं कशावरनं?" मग समोरचा सांगे. कुणी पुस्तक सांगे, कुणी आजोबा, कुणी स्वतःचे डोळे. कधी कधी पुंजारामच कान धरत, "चुकलो बाबा, तुझंच बराबर." सगळं झालं की खरी उत्तरं वाचनालयाच्या फळ्यावर लिहीत. ती वर्षभर तिथेच राहत आणि गावातली पोरं पाठ करत.

पुंजाराम गेले आणि मी कपाटात गेले. सहा वर्षं कुणी हात लावला नाही. कोळ्यांनी संसार थाटले, मीही बोलले नाही. मग यंदा मला बाहेर काढलं अक्षताने. ती पुंजारामांची नात, त्यांच्या लेकीची, दीपमालाची मुलगी, शहरात कॉम्प्युटर शिकते. तिने ठरवलं की यंदाची स्पर्धा माणसं विरुद्ध संगणकाचा प्रोग्रॅम अशी घ्यायची. गाव हरखलं. एका बाजूला पाच माणसं, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप आणि स्पीकर. पाचांत चांगुणाबाई होती, वय पंच्याहत्तर.

पन्नास प्रश्न देवानंद गुरुजींनी हाताने लिहून दिले. उत्तरं लिहिली नाहीत. आमच्याकडे ती आधीपासून लिहून ठेवतच नसत, "कशावरनं?" विचारलं की खरं-खोटं बाहेर पडे. पण प्रोग्रॅमला सरावात तसं विचारलं, तर तो असा बोलत सुटला की चहा निवला तरी थांबेना. म्हणून समितीने ती रीतच काढून टाकली. दहा सेकंद, एक उत्तर, आणि कागदावर असेल तेच खरं.

आता कागद हवा. अक्षताची परीक्षा चालू होती. तिने पन्नासही प्रश्न त्याच प्रोग्रॅमला घातले आणि उत्तरं छापून घेतली. पहिली चाळीस ताडून पाहिली, चुकली ती सुधारली. शेवटची दहा गावची होती, ती तशीच राहिली. म्हणजे जो खेळायला बसणार, त्यानेच पंचाचा कागद लिहिला. गाव एवढं शहाणं, पण हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

उन्हं कलल्यावर विहारासमोर मांडव भरला. एकोणपन्नास प्रश्नांनंतर दोन्हीकडे सारखे गुण. अक्षताने मला एक ठोका दिला आणि शेवटचा प्रश्न वाचला, "आपल्या गावचं वाचनालय कोणी सुरू केलं?"

चांगुणाबाई उठून उभी राहिली. जन्मात तिने नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. "दीपमालाचे बाप" म्हणायची, लग्नातला उखाणासुद्धा तिने हसण्यावारी नेला होता. त्या दिवशी तिने माईक दोन्ही हातांनी धरला.

"पुंजारामनं," ती म्हणाली. "सत्त्याऐंशी साली. माह्या घरात."

मग स्पीकर बोलला, "माजी सरपंच सर्जेराव यांनी." वाचनालयाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाची बातमी त्याने कुठेतरी वाचली असावी. सर्जेरावांनी फीत कापली होती, एवढं खरं.

अक्षताने कागद पाहिला. कागदावर सर्जेराव. तिने बोल्ट उचलला आणि परत खाली ठेवला. तिला खरं ठाऊक होतं. पण मोबाइलवर सगळं थेट दिसत होतं, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "सोताच्या आजीला जितवून राह्यली का?"

"आजी," ती हळूच म्हणाली, "कागदावर न्हाई ना ते."

आणि तिने मला दोन ठोके दिले.

लोकांनी लॅपटॉपसाठी टाळ्या वाजवल्या. चांगुणाबाईने माईक जपून खाली ठेवला, पदर सारखा केला आणि चालत घरी गेली. फळ्यावर सर्जेराव लिहिलं गेलं.

आठवड्याने अक्षताने वाचनालयाचं पहिलं रजिस्टर शोधून काढलं. पहिल्या पानावर आजोबांचं अक्षर होतं. तिने फळा पुसला, खरं नाव लिहिलं आणि मला पिशवीत घालून आजीकडे धावली.

"आजी, मपलं चुकलं. आपण परत घेऊ सगळं. तू माईकवर एकदा नाव सांग ना, मी रेकॉर्ड करते."

"एकदा सांगितलं व्हतं, माय," चांगुणाबाई म्हणाली.

तेवढ्यात गल्लीतून दोन पोरं पाठांतर करत गेली, "वाचनालय कोणी सुरू केलं? सर्जेरावनं!" अक्षता उंबऱ्यात बसून रडली. आजीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पण नाव काही घेतलं नाही.

ती गेल्यावर चांगुणाबाईने मला मांडीवर घेतलं. तिचं बोट फिरत फिरत त्या पोच्यावर येऊन थांबलं.

आता मी तिच्या पेटीत आहे, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. तक्रार नाही. पुन्हा कुणी स्पर्धा भरवली, खुशाल संगणक बसवा, मला राग नाही. फक्त दोन ठोके देण्याआधी माणसाला एवढं विचारत जा, असं कशावरून?

पेटी लावण्याआधी ती मलाच म्हणाली होती, "तू तर माह्या घरातली. तुला तर ठावं व्हतं ना गं?"

होतं, बाई. पण मी वाजले.