छातीतलं मीठ

कासू गावातल्या मांडवात लवणनाथ महाराजांचा चमत्कार बघायला दोनशे माणसं जमली होती. महाराज दमेकऱ्यांच्या छातीतून मीठ काढत होते म्हणे!

"पिढ्यान्‌पिढ्या मिठागरात राबलात, छातीत मीठ साचलंय!" महाराज गरजले. "फुंका! मीठ बाहेर, दमा बाहेर!"

रोगी पपईच्या पोकळ देठातून पेल्यातल्या नितळ पाण्यात फुंकायचा. पाणी पांढरं व्हायचं आणि लोक लोटांगण घालायचे. मग महाराजांचा हुकूम सुटायचा, "दम्याचे पंप मडक्यात टाका! मंत्र नि पंप एका घरात नांदत नाहीत."

धोंडुबाई आपल्या नातीला, मनस्वीला घेऊन आली होती. नऊ वर्षांची मनस्वी माझी विद्यार्थिनी, म्हणून मीही मागोमाग गेले. धुपाच्या धुरानं पोरीचा श्वास लागला. छातीतून शिट्टी वाजू लागली.

"मीठ हललं!" महाराज आनंदले. या माणसाची मला किळस आली.

धोंडुबाईनं पंप मडक्यावर धरला. मनस्वीनं तो ओढून घेतला नि धुरापासून लांब जाऊन ताठ बसली. पंप हलवला, स्पेसरच्या नळीला लावला, एकदा दाबला, सावकाश श्वास घेतला. थोडं थांबून पुन्हा. पेणच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडून हे वीस वेळा करून घेतलं होतं. दहा मिनिटांत शिट्टी थांबली.

ती परत आली. "महाराज, आता तुमी फुंका."

"मला दमा नाय!"

"मंग पानी नितळच राहील ना?"

लोक हसले. गर्दीतल्या गोरखनं त्याच पाण्याचा नवा पेला पुढे केला. दोनशे माणसांदेखत महाराजांना फुंकावं लागलं. पाणी पांढरं! दमा नसलेला गोरख दुसऱ्या पेल्यात फुंकला, तरीही पांढरं.

"चुन्याची निवळी आहे ती," मी म्हणाले. "कुणाच्याही उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडनं ती पांढरी होते. सातवीतला प्रयोग आहे."

धोंडुबाई पेटली. "जल्म मिठागरात गेला माजा. मीठ पान्यात विरघळलं तं दिसतं का रं, मेल्या? नि मलाच कळू नये!"

तिनं मडकं उपडं केलं. सात पंप पडले. एकावर जगनचं नाव होतं. मनस्वीच्याच वर्गातला तो मुलगा परवापासून रोह्याच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर आहे. चार दिवसांपूर्वी याच मडक्यात पंप टाकताना त्याच्या आईनं महाराजांच्या पायावर डोकं ठेवलं होतं.

म्हणून सांगते, दम्याच्या पोराला पंप द्या नि तो वापरायला शिकवा. जो पंप हिसकावून घेतो, त्याच्या पाया पडू नका, त्याला जाब विचारा.